दीप म्हणजे दिवा, की बेट?

आमच्या शाळेच्या कमानीवर तीन शब्द आहेत : अत्त दीप भव. त्यांच्या वर एक तेवती पणती रंगवलेली आहे. या कमानीखालून पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन जे कोणी एकदा आत आले, त्यांना ती पणती विसरता येत नाही. उन्हापावसाने रंग उडाला की ती पुन्हा गिरवली जाते. ज्योतीचा आकार दर वेळी थोडा बदलतो, इतकेच. रौप्यमहोत्सवानिमित्त यंदा कमान नव्याने रंगवायचे ठरले आणि माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत एकाने सरळच सांगितले की पणती चुकीची आहे, तेथे बेट हवे. मागच्या रांगेतले एक वयस्क पालक तितक्याच सरळपणे म्हणाले, "ती पणती पुसली तर मी पुन्हा या फाटकातून आत येणार नाही." बैठक तेथेच संपली. भाषा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांवर या शब्दाविषयी एक टिपण लिहिण्याचे काम आले. तेच टिपण येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

वस्तुतः हा प्रश्न बैठकीत जन्मलेला नाही, तो वर्गात जन्मला. ऑगस्ट २०१९ मधील महापूर या भागातला कोणी विसरणे शक्य नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका समजतात. त्या वर्षी ते ५७ फुटांच्याही वर चढले. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतली गावेच्या गावे वेढली गेली. ब्रह्मनाळची नाव उलटली ती याच दिवसांत. पूर ओसरून मुले शाळेत परतली तेव्हा पालीच्या तासाला धम्मपदातील अप्पमादवग्ग चालू होता. त्यातल्या पंचविसाव्या गाथेचा आशय असा, की उद्योग, अप्रमाद, संयम आणि दमन यांच्या बळावर शहाण्या माणसाने असा 'दीप' करावा, ज्याला 'ओघ' बुडवू शकणार नाही. आम्ही नेहमीप्रमाणे 'दीप म्हणजे दिवा' असे सांगून पुढे निघालो होतो. कृष्णाकाठचा एक आठवीतला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पुरात दिवा राहत नाही. विझतो."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा पुढे जे सांगत होता, ते त्याच्या गावाचे वर्णन होते. गावाची पांढर, म्हणजे जुने गावठाण, काळ्या रानापेक्षा उंच. पाणी चहूबाजूंनी आले तेव्हा रानातल्या वस्त्यांवरची माणसे, म्हशी, शेळ्या, सगळे त्या पांढरीवर आले. सहा दिवस तेवढीच जमीन पाण्याबाहेर होती. त्या संध्याकाळी आम्ही पाली शब्दकोश उघडला आणि लक्षात आले की व्याकरण न शिकलेल्या मुलाने गाथेचा अर्थ बरोबर लावला होता.

पालीमध्ये 'दीप' हा शब्द एक नाही, दोन आहेत. उच्चार एक, लेखन एक. मूळ मात्र निरनिराळे. पहिला 'दीप' संस्कृतातही दीपच आहे. दीप् म्हणजे प्रकाशणे, या धातूपासून तो आला. दुसरा 'दीप' म्हणजे संस्कृतातला द्वीप. पाली ही बोलण्याच्या सोयीने घडलेली भाषा असल्यामुळे 'द्वीप'मधला व गळाला आणि बेट व दिवा हे दोन्ही एकाच वेषात उभे राहिले. मराठीतही असे घडतेच. 'द्वार'चे आपण 'दार' केले, तेव्हा आपणही तो व असाच गाळला.

'द्वीप' या शब्दाची घडण फार जुनी आहे. पाणिनीच्या व्याकरणात त्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे. द्वि म्हणजे दोन, अप् म्हणजे पाणी. समासात या 'अप्'चा 'ईप' होतो. दोन्ही बाजूंना पाणी असलेली भूमी ती द्वीप. त्याच सूत्राने 'समीप' आणि 'प्रतीप' हे शब्द सिद्ध होतात. आपण रोज सहज 'समीप' म्हणतो, त्याच्या पोटात पाणी आहे, हे मुलांना सांगितले की त्यांना मोठी गंमत वाटते. याच पाण्याला फारसीत 'आब' म्हणतात. संस्कृत अप् आणि फारसी आब ही एकाच घराण्यातील भावंडे. पाच नद्यांचा तो पंजाब. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, म्हणून गुलाब मुळात फुलाचे नाव नसून सुगंधी पाण्याचे. आणि दो-आब, म्हणजे दोन पाणी. इतिहासाच्या पुस्तकात रायचूर दुआबाच्या लढाया आपण पाठ केल्या. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधला तो प्रदेश. 'दुआब' आणि 'द्वीप' हे शब्द घटकांनी अगदी एक आहेत : दोन अधिक पाणी. एकाने नद्यांमधली जमीन दाखवली, दुसऱ्याने पाण्यातली. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, कराडला कोयना मिळते. त्या दोन्ही संगमांच्या पोटातली जमीन पावसाळ्यात दुआब असते आणि महापुरात द्वीप होते. आपल्याकडे या दोन शब्दांतले अंतर साधारण दहा-पंधरा फूट पाण्याचे आहे.

रायचूर दुआबाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. सम्राट अशोकाच्या लघुशिलालेखांत 'जंबुदीप' हा शब्द आहे. तेथे 'दीप' म्हणजे दिवा असूच शकत नाही. ते जंबुद्वीप होय, म्हणजे आपली ही भरतभूमी. त्याच लेखमालेतील मस्कीचा लेख १९१५ मध्ये याच दुआबात सापडला आणि 'देवानंपिय' म्हणवणारा राजा अशोकच होता, हे त्या लेखातील नावामुळे निश्चित झाले. सिंहलद्वीपाचा प्राचीन पाली इतिहासग्रंथ 'दीपवंस' याचाही अर्थ बेटाचा वंशवृत्तान्त. तो दिव्यांचा वंश नव्हे. उलट 'दीपंकर' या पूर्वबुद्धांच्या नावातला दीप मात्र खरोखर दिवा आहे, प्रकाश करणारा. आमच्या हजेरीपटावर दीपंकर नावाची मुले दर चार-दोन वर्षांनी येतात. त्यांनी निश्चिंत असावे.

हा बेटवाचक शब्द पुढे समुद्रमार्गाने जितका फिरला, तितके थोडे शब्द फिरले असतील. गुजरातच्या किनाऱ्यावरचे दीव हे त्याचेच रूप. तमिळमध्ये बेटाला 'तीवु' म्हणतात. सिंहलीत 'दिवयिन' म्हणजे बेट. मालदीवच्या लोकांच्या भाषेचे नाव धिवेही, म्हणजे बेटकऱ्यांची भाषा. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर तिचीच एक बोली बोलतात. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी 'याबादिऊ' नावाच्या बेटाची नोंद करतो आणि त्याचा अर्थ जवसाचे नव्हे, जवाचे बेट असा देतो. ते यवद्वीप, आजचे जावा. सहाव्या शतकातला ग्रीक व्यापारी कॉस्मस श्रीलंकेला 'सिएलेदिबा' म्हणतो. अरबांनी त्याचे 'सरंदीब' केले. सरंदीबच्या तीन राजपुत्रांची एक कथा युरोपात पोचली, ती वाचून होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५४ मध्ये एका पत्रात 'सेरेंडिपिटी' हा शब्द घडवला. न शोधता चांगले काही गवसणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हा शब्द प्रिय आहे. त्याच्या शेपटीला पालीतला 'दीप' लोंबतो आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

मराठीने मात्र बेटासाठी 'दीव' ठेवला नाही. ठेवला असता तर आपलाही पालीसारखाच गोंधळ झाला असता. दोन स्वरांमधला प आपल्या भाषेत व होतो : मंडपाचा मांडव, कपाटाचे कवाड, तसाच दीपाचा दिवा. म-काराचीही तीच गत. ग्रामाचे गाव, नामाचे नाव, आणि भीमाचा भिवा. सातारच्या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव 'भिवा' असे लिहिले गेले, त्यामागे घरातल्या लाडाइतकाच मराठी उच्चाराचा हा जुना कलही आहे. असो. बेटासाठी आपण 'बेट' हा निराळाच शब्द घेतला आणि तोच बांबूच्या दाट झुंबडीलाही वापरला. जत तालुक्यातून येणारी, घरी कन्नड बोलणारी आमची मुले 'बेट्ट' म्हणजे डोंगर असे सांगतात. त्यांच्या गावी पूर कधी येत नाही, टँकर येतो. तरी उंच जागा म्हटली की त्यांच्याही कानात तोच आवाज घुमतो.

'दीप' या उच्चाराला पालीत आणखी एक शेजारी आहे. 'दीपि' म्हणजे बिबट्या, संस्कृतात 'द्वीपिन्'. त्याच्या अंगावरचे ठिपके बेटांसारखे, म्हणून तो बेटे बाळगणारा. कराड-शिराळ्याच्या उसात अलीकडे त्याचा वावर इतका वाढला आहे की आमच्या पालकांना हा अर्थ सर्वांत आधी पटावा. कमानीवर बिबट्या रंगवावा अशी सूचना अद्याप कोणी केलेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कमानीवरच्या वचनात कोणता दीप आहे?

ज्या प्रसंगी हा उपदेश झाला तो प्रसंग महापरिनिब्बान सुत्तात आला आहे. तथागतांचे वय ऐंशी वर्षांचे. वैशालीजवळच्या बेलुव गावी शेवटचा वर्षावास चालू होता. तेथे त्यांना कठीण दुखणे आले आणि ते त्यांनी निग्रहाने मागे सारले. आनंद भयभीत झाला होता. संघाला काही अखेरचे सांगितल्याशिवाय शास्ता जाणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. भगवंतांनी उत्तर दिले की मी काहीही मुठीत झाकून ठेवलेले नाही. माझे शरीर आता जुनी गाडी जशी बांधून-आवळून चालवावी तसे चालले आहे. यानंतर तो उपदेश येतो. त्यात 'अत्तदीपा' हा शब्द आहे आणि त्याला लागूनच 'अत्तसरणा' आहे. मग 'धम्मदीपा' आणि त्याला लागून 'धम्मसरणा'. शेजारी शब्द पाहावा. सरण म्हणजे आश्रयस्थान. मनुष्य दिव्याला शरण जात नाही. पाण्यातून पोहत येऊन तो जमिनीला शरण जातो. शिवाय हे बोलणे पावसाळ्यातले आहे, गंगेच्या खोऱ्यातल्या पावसाळ्यातले. त्या दिवसांत तिथे चहूकडे काय दिसत असेल हे कृष्णाकाठच्या वाचकांना सांगायला नको.

एवढ्यावर कोणी अडून बसेल तर आणखी पुरावा आहे. संयुत्त निकायात निब्बाणासाठी वापरलेल्या नावांची एक मालिका आहे. तिच्यात दीप, लेण, ताण, सरण हे शब्द एकापुढे एक येतात. 'ताण' म्हणजे त्राण, रक्षण. 'लेण' म्हणजे आसरा. हा शब्द आपण आजही जसाच्या तसा बोलतो. कराडजवळ जखीणवाडीच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत आणि आमची सहल दर वर्षी तेथे जाते. पावसाळ्यात भिक्खूंना राहण्यासाठी दात्यांनी खडकात कोरून दिलेला आसरा म्हणजे लेणे. ज्या मालिकेत लेणे, त्राण आणि शरण बसले आहेत, तिच्यात दिवा परका वाटतो. बेट घरचे वाटते.

पाचव्या शतकातले अट्ठकथाकार आचार्य बुद्धघोष यांनीही 'अत्तदीपा'चा खुलासा करताना महासागरातल्या बेटाची उपमा दिली आहे. तेथे त्यांनी 'पतिट्ठा' हा शब्द घातला, म्हणजे पाय टेकण्याची जागा. मध्य आशियात तुर्फानच्या परिसरात सापडलेल्या हस्तलिखितांच्या तुकड्यांवरून याच सुत्ताची संस्कृत वाचना जुळवून जर्मन पंडित वाल्डश्मिट यांनी १९५०-५१ मध्ये प्रसिद्ध केली. संस्कृतात दिवा आणि बेट यांचे लेखन वेगळे असल्यामुळे तेथे लपवाछपवी चालत नाही, आणि तेथे शब्द आहे 'द्वीप'. धम्मपदाच्या पंचविसाव्या गाथेचे संस्कृत रूप 'उदानवर्ग' या संग्रहात आहे, तेथेही द्वीपच.

मग दिवा आला कोठून? ज्या माजी विद्यार्थ्याने बेटाची बाजू मांडली, त्याचा समज असा होता की ही कोणा अर्धवट भाषांतरकाराची चूक असून ती आपल्याकडेच पसरली. हा समज आम्हांला मान्य नाही. इंग्रजीत १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी या सुत्ताचे भाषांतर केले तेव्हा त्यांनी दिवा हाच अर्थ घेतला, आणि विसाव्या शतकातल्या वाचकांपर्यंत तो त्या वाटेने पोचला, हे खरे. परंतु दिवा त्याच्याही फार आधीचा आहे. इ.स. ४१३ मध्ये चीनमध्ये दीर्घ आगमाचे भाषांतर पूर्ण झाले. त्यात या जागी 'प्रज्वलित व्हा' अशा अर्थाचा शब्द आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी गुणभद्र या भारतीय भिक्षूने चिनी भाषेत आणलेल्या संयुक्त आगमात मात्र त्याच उपदेशासाठी 'चौ' हे अक्षर आले. चौ म्हणजे नदीतले बेट. या अक्षराच्या एका अंगाला पाण्याची खूण असते आणि दुसऱ्या अंगाला प्रवाहाच्या रेघांमध्ये अडकलेली जमीन. म्हणजे एकाच देशात, एकाच शतकात, दोन विद्वान भाषांतरकारांनी एकाच शब्दाकडे पाहिले. एकाला ज्योत दिसली, दुसऱ्याला भूमी. जपानमध्ये तर आजही हे वचन 'जितोम्यो, होतोम्यो' या रूपात प्रचलित आहे : स्वतःचा दिवा, धम्माचा दिवा. आपली पणती एकटी नाही.

पणतीच्या बाजूने बोलणाऱ्या त्या पालकांना आम्ही नंतर घरी जाऊन भेटलो. ते म्हणाले, "माझ्या आईला अक्षर येत नव्हते. छप्पन्न साली धम्मदीक्षा झाली, त्यानंतर तिने घरातले सगळे देव नदीत सोडले आणि त्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी ठेवली. मी तिच्या उजेडात वाचायचो, ती नुसती बसून राहायची. आमच्या घरी कोणाला बेट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, काळोख म्हणजे काय ते ठाऊक होते." या बोलण्यापुढे शब्दकोश उघडण्यात अर्थ नव्हता, आणि आम्ही तो उघडला नाही. शब्दाचा मूळ अर्थ एक असतो आणि त्या शब्दाने एखाद्या समाजाच्या हाताला काय दिले ते वेगळे असते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या घरांत पहिल्यांदा पाटी आली, त्या घरांनी 'दीप' हा शब्द ऐकला तो चिमणीच्या उजेडात. तो अर्थ त्यांनी जगून मिळवलेला आहे.

तरीही मुलांना शिकवताना आम्ही आता बेट हाच अर्थ प्रथम सांगतो. कारण त्याखेरीज ती पंचविसावी गाथा उलगडत नाही, आणि त्या गाथेमागची कथा आम्हांला आमच्या वसतिगृहाची वाटते. चूळपंथक हा भिक्खू बुद्धीने मंद. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तो रडत दाराशी उभा असताना भगवंत भेटले. त्यांनी त्याला पाठांतर दिलेच नाही; एक पांढरे स्वच्छ वस्त्र हातात दिले आणि मळ निघून जावो, अशा अर्थाचे दोन शब्द म्हणत ते हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि मळ कसा येतो व कसा जातो हे त्याला कळले. या चूळपंथकाच्या निमित्ताने ती गाथा सांगितली गेली, असे अट्ठकथा म्हणते. दर वर्षी जूनमध्ये घरी परत जायचे म्हणून दाराशी उभे राहून रडणारी दोन-तीन मुले असतातच. त्यांना दिव्याची उपमा दिली तर ती वर, दुसऱ्या कोणाकडे पाहतात. पाय टेकण्यापुरती जमीन आपली आपण करायची आहे, मूठमूठ माती टाकून, हे त्यांना लवकर कळते. हा आमचा अनुभव आहे. इतरांचा वेगळा असू शकेल.

बेट म्हणजे एकटेपणा, असा एक आक्षेपही आमच्यापर्यंत आला. तो वाजवी आहे. मात्र वचनातला 'भव' हा एकवचनी शब्द नंतरचा आहे. सुत्तात क्रियापद आहे 'विहरथ', आणि ते अनेकवचनी आहे. सांगणे आनंदाला असले तरी उद्देश सर्वांना आहे : तुम्ही सारे असे राहा. याच 'विहर'पासून विहार. निवासी शाळेच्या कमानीवर खरे म्हणजे तेच क्रियापद शोभले असते. 'अत्त' शब्दाचेही असेच. तत्त्वज्ञानातला जड आत्मा तेथे शोधू नये. संस्कृत आत्मन्, पाली अत्ता, प्राकृत अप्पा, आणि मराठीत आप, आपण, आपला. हिंदी प्रदेशात 'अप्प दीपो भव' असे म्हणतात, त्यातला अप्प तो हाच. आणि मराठीतला 'आपण' कसा आहे पाहा : तो 'स्वतः'ही आहे आणि 'आम्ही-तुम्ही मिळून'ही आहे. त्या पुरात आमच्या विद्यार्थ्याच्या पांढरीवर सहा दिवस जी माणसे होती, त्यांतली निम्मी त्या गावची नव्हतीच.

बेटाविषयीचा सर्वांत सुंदर प्रश्न आपल्याच भूमीतून विचारला गेला, हेही आमच्या वाचकांना माहीत असावे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. तो गोदावरीच्या तीरावर, अस्सक देशाच्या हद्दीत राहत होता. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे पाठवले. ते पतिट्ठान म्हणजे पैठणवरून माहिष्मती, उज्जयिनी करत उत्तरेस चालत गेले आणि मगधात पोचून एकेकाने एकेक प्रश्न विचारला. त्यांतल्या कप्प नावाच्या शिष्याने विचारले की भयंकर पूर आलेला असताना जे मध्येच उभे आहेत, जरा आणि मृत्यू यांनी ज्यांना घेरले आहे, त्यांच्यासाठी एखादे बेट आहे काय? ते मला सांगा. भगवंतांचे उत्तर असे की काहीही आपले म्हणून न धरणे, काहीही घट्ट न पकडणे, हेच ते बेट. त्याच्यापलीकडे दुसरे नाही, आणि त्यालाच मी निब्बाण म्हणतो. गोदेच्या पुरांच्या आठवणी घेऊन गेलेल्या माणसालाच असा प्रश्न सुचावा, असे आम्हांला वाटते. येथे दीप म्हणजे दिवा असा अर्थ कोणत्याही भाषांतरकाराला करता आलेला नाही.

कमानीचा निर्णय आता झाला आहे. पणती राहील. तिच्या खाली, पूर्वी जेथे नुसती निळी पट्टी होती तेथे, पाण्याच्या लाटा आणि त्यांतून वर आलेला मातीचा उंचवटा रंगवायचा. पणती त्या उंचवट्यावर ठेवायची. रंगाऱ्याने पाणी कोठपर्यंत दाखवू असे विचारले तेव्हा कृष्णाकाठची मुले आणि माण-खटावची मुले यांच्यात बराच वाद झाला. माण-खटावच्या मुलांना मुळात एवढे पाणीच पटत नव्हते. वयस्क पालक एकदा येऊन काम पाहून गेले. त्यांनी ज्योतीला थोडा पिवळा रंग जास्त हवा एवढेच सांगितले. 'अत्तदीप' हा समास असल्यामुळे ते दोन शब्द जोडून लिहावेत, अशी एका माजी विद्यार्थिनीची सूचनाही आली आहे. ती व्याकरणाने पूर्णपणे बरोबर आहे. परंतु तोपर्यंत अक्षरे रंगवून झाली होती आणि रंगाऱ्याने शिडी काढून नेली होती.